पाच मतं आणि हिशेबाची वही

(नागाव, ता. अलिबाग इथल्या महिला मेळाव्यातलं भाषण)



निवडून आलेल्या बाईनं कारभार कसा करावा, यावर मला बोलायचं आहे. पण गोष्ट सांगणार आहे एका पुरुषाची, तीही विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेलेल्या. दादाभाई नौरोजी. शाळेत आपण त्यांचं नाव पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो.

दादाभाईंचा जन्म 1825 चा. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण मुलाला त्यांनी शिकवलं. मी जो झालो तो आईमुळे, असं दादाभाई सांगत. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. 1849 मध्ये मुंबईत दादाभाई आणि त्यांच्या मित्रांनी मराठी आणि गुजराती मुलींसाठी शाळा सुरू केल्या. पगार न घेता स्वतः शिकवलं. 'तुमच्या मुली शाळेत पाठवा' म्हणत घरोघर फिरले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. या कामात माणेकबाई मुलाच्या पाठीशी होत्या.

हेही सांगायला हवं की दादाभाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं, आणि नवरी गुलबाई सात वर्षांची होती. त्या गुलबाईंचं नाव आज आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय?

1855 मध्ये ते व्यापारासाठी इंग्लंडला गेले. कंपनी अफू-दारूच्या धंद्यातून नफा कमावते, म्हणून तिथली भागीदारी त्यांनी सोडली. पुढे त्यांनी इंग्रजांना एकच प्रश्न विचारला: हिंदुस्थानचा पैसा जातो कुठे? सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी मांडून दाखवलं की इथल्या माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला 20 रुपये आहे. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रालाही याहून जास्त खर्च येतो! भाषणाला उत्तर देता येतं. स्वतःच्याच वहीतल्या आकड्याला उत्तर देणं अवघड.

1886 मध्ये ते लंडनमधून निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. काळ्या माणसाला इंग्रज मतदार निवडून देतील का, असं 1888 मध्ये तिथले पंतप्रधान सॅलिसबरी जाहीरपणे म्हणाले. 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई निवडून आले. निकाल लागला तेव्हा पाच मतं जास्त होती. फक्त पाच! त्या निवडणुकीत बायकांना मत नव्हतं. इंग्लंडमधल्या काही बायकांना ते 1918 मध्ये मिळालं, सगळ्या प्रौढ बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं 1928 मध्ये. 1895 मध्ये दादाभाई पडले, पण हिशेब विचारणं थांबलं नाही. त्यांची नात पेरिन कॅप्टन 1930 च्या सत्याग्रहात तुरुंगात गेली.

हिशेब विचारणं आपल्या तालुक्यालाही नवं नाही. इथून जवळच चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला. त्या सहा वर्षांत घरातली चूल कोणी सांभाळली असेल, ते मी सांगायला नको.

आता आपल्याकडे या. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण बघतोच. सुटीत पाहुणे येतात, त्यांचं रांधणं, खोल्या झाडणं आपण करतो. घरपट्टी पंचायतीत जमा होते. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च व्हायला हवेत. गेल्या वर्षी ते कशावर झाले, सांगता येईल कोणाला?

तर पुढच्या ग्रामसभेआधी महिला सभा भरेल, तेव्हा जरूर या. जमाखर्चाची वही मागा. 'नंतर बघू' म्हणाले तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकटीला गप्प करतात. पाचजणी मिळून जा. पाच म्हणजे किती, ते आत्ताच आपण ऐकलं.