आपला इतिहास राखणारांचा मान

(सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनी एका शाळामास्तराने गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज सप्टेंबरची 24 तारीख. 1873 साली याच दिवशी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. म्हणजे दोघांचीही मुळे आपल्याच मुलखात. या दिवशी थोरांची चरित्रे सांगण्याचा प्रघात आहे, आणि ती माझ्याहून चांगली सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. मला आज दुसऱ्याच मंडळींविषयी बोलावयाचे आहे. थोरांनी थोर कृत्ये केली खरी; पण ती तुमच्याआमच्यापर्यंत पोचविली कोणी? ज्यांनी ती लिहून ठेवली, पाठ करून ठेवली, फडक्यात बांधून जपली, त्यांचा आपण काय मान ठेवला?

सत्यशोधकाने कोणाचेही देणे बुडवू नये. म्हणून आधी विद्वानांचे देणे देऊन टाकतो. साताऱ्यास इंग्रजांतर्फे राहिलेल्या ग्रँट डफने येथील दप्तरे चाळली आणि 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे माझ्यासारखेच शाळामास्तर. त्यांनी शाळा सांभाळून पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील हजारो पत्रे वाचली आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जुने कागद व चित्रे जमवून संग्रहालय उभारले. ते 1926 साली वारले आणि 1939 साली तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. कागद वाचले हे उत्तमच झाले; पण साताऱ्याचा कागद पाहण्यास साताऱ्याच्या पोराने पुण्याची गाडी धरावी लागते, हेही ध्यानात ठेवा. जो आपली वस्तू आपल्या घरी राखीत नाही, त्याला ती दुसऱ्याच्या दारी जाऊन पाहावी लागते.

या मंडळींचे श्रम मोठे. परंतु त्या पत्रांत आहे कोण? राजे आहेत, सरदार आहेत, सावकार आहेत. फौजेची दाणावैरण ज्या शेतातून गेली तो शेतकरी त्यांत क्वचित दिसतो. तोफेचा गाडा ज्याने घडविला तो सुतार, घोड्याचे नाल ज्याने ठोकले तो लोहार, यांची नावे शोधून सापडत नाहीत. लेखणी ज्याच्या हाती, इतिहास त्याच्या घरी, असा हा न्याय आहे. तो ओळखूनच जोतीरावांनी 1869 साली शिवछत्रपतींचा पोवाडा रचला आणि रयतेचा राजा रयतेच्या भाषेत रयतेपुढे उभा केला.

मग रयतेच्या हाती काहीच नव्हते काय? होते. आपल्या वाडवडिलांना लिहिता येत नव्हते, पण साक्ष देता येत होती. जुने महजर पाहा. गावचा निवाडा झाला म्हणजे त्यावर सर्वांच्या निशाण्या होत. पाटील नांगर काढी, सुतार पटाशी काढी, न्हावी आरसा काढी. ज्याचे जे हत्यार, तीच त्याची सही! शिवेचा तंटा उठला म्हणजे महारांची साक्ष मोलाची मानीत, कारण शिवेचा दगड न् दगड त्यांना ठाऊक असे. ज्यांच्या शब्दावर गावाने आपली शीव ठरविली, त्यांनाच गावाने गावकुसाबाहेर ठेवले. हाही आपलाच इतिहास आहे, आणि तो गाळून पुढे जाणारा मनुष्य सत्यशोधक नव्हे.

सुगी झाल्यावर आपल्याकडे कर्नाटकातून हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून येई, आता मोटारसायकलवर येतो. दारात बसून तो तुमच्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावे घडाघडा सांगतो. मूळ गाव कोणते, कोणता भाऊ कोठे गेला, सारे त्याच्या वहीत. आपण त्याला काय देतो? पायलीभर धान्य, आणि तेही कुरकुरत! कोणी त्याला भिकारी म्हणून पिटाळतो. अरे, हा भिकारी नव्हे. हा तुमच्या घराण्याचा दप्तरदार आहे.

आणि आमच्या आयाबहिणी! पहाटे जात्यावर बसून त्यांनी ओव्या गाइल्या. त्यांत दुष्काळ आहे, सासुरवास आहे, भावाची वाट पाहणे आहे. कोणत्या दप्तरात हे सापडेल? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी या ओव्या एक लाखाहून अधिक जमविल्या आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांसह नोंदविल्या. नाव लिहिले, हे मला फार मोलाचे वाटते. नाही तर बाईने गावे आणि ‘लोकगीत’ म्हणून बेनामी छापावे, हीच रीत होती.

आता आपल्या चळवळीकडे येऊ. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला. 1910 साली मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ सुरू केला आणि नगर जिल्ह्यातील खेड्यातून तो वर्षानुवर्षे चालविला. 1919 ते 1921 या सालांत आपल्या सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला, जलसेवाल्यांनी गावोगाव रान उठविले. त्या काळच्या साताऱ्यात आजची सांगलीही आली. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, त्याचेच नाव 1960 साली सांगली पडले. या उठावाची हकीकत कोठे शोधावी? सरकारी कागदांत तो दंगाधोपा. रयतेच्या बाजूने लिहिणारी ती आपली साप्ताहिके. चार पानांची, हलक्या कागदावर छापलेली. वाचून झाली की त्यांत मिरच्या बांधल्या, डबे पुसले.

त्या कागदांची किंमत कोणी केली? अमेरिकेत जन्मलेल्या एका बाईने! गेल ऑम्वेट हे त्यांचे नाव. या परमुलखातल्या मुलीने मराठी शिकून ब्राह्मणेतर चळवळीची जुनी पत्रे व पुस्तके धुंडाळली, माणसे गाठली, आणि 1873 ते 1930 या काळातील चळवळीवर बर्कली विद्यापीठास प्रबंध दिला. 1976 साली तो पुस्तकरूपाने निघाला. तिकडे मोठी नोकरी करण्याऐवजी त्या वाळवे तालुक्यातील कासेगावच्या पाटणकरांच्या घरी सून म्हणून आल्या, 1983 साली या देशाच्या नागरिक झाल्या, आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी कासेगावीच त्यांनी देह ठेवला. बंधूंनो, आमच्या आज्यापणज्यांनी जे केले ते आम्हास एका परदेशी लेकीने सांगावे लागले. तिचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण आपणांस थोडी लाजही वाटली पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रतिसरकारची. क्रांतिसिंह नाना पाटलांचे हे सरकार 1943 ते 1946 पर्यंत याच मुलखात चालले. त्याने न्यायनिवाडे केले, सावकार व गुंड यांस जरब बसविली, बडेजाव न करता थोडक्यात लग्ने लाविली. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रेल्वेगाडी अडविली. पण भूमिगत सरकार आपल्या पाठीमागे कागद कसे ठेवणार? कागद सापडला की माणूस सापडला! म्हणून त्या सरकारचे खरे दप्तर म्हणजे त्यातील माणसांची आठवण. ती माणसे जगत होती तोवर दप्तर जिवंत होते. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई 2021 साली गेल्या. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, 2022 साली गेले. पी. साईनाथ या पत्रकाराने त्यांच्या पायाशी बसून त्यांचे बोल टिपून घेतले आणि 2022 साली पुस्तकात छापले, म्हणून ते तरी उरले. आणि जे भाकरी पोचवीत होते, निरोप नेत होते, पोलिसांना खोटी वाट दाखवीत होते, त्यांचे बोल कोणी टिपले? त्यांतील किती जण आपल्याच आळीत खोकत खोकत गेले, आणि आपण विचारलेही नाही.

दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी माझाही दोष सांगतो. माझ्या आजोबांची एक लाकडी पेटी माळ्यावर होती. त्यांत मोडी कागद होते, पावत्या होत्या, आणि सुतळीने बांधलेले जुन्या साप्ताहिकांचे अंक होते. घराची दुरुस्ती निघाली, पेटीस कसर लागलेली दिसली, आणि मी ती रद्दीवाल्यास तोलून दिली. मी! जो रोज वर्गात मुलांना इतिहासाची साधने शिकवितो, तो! पुढे 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगाव लोक मोडी वाचणाराच्या मागे धावू लागले. माझे चुलते काठी टेकीत आले आणि म्हणाले, “मास्तर, थोरल्या आबांची पेटी कुठं हाय?” मी खाली मान घातली. तेही काही बोलले नाहीत. चहा न घेता उठून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून आज मी तुम्हास सत्कार समारंभ करा असे सांगत नाही. शाल-श्रीफळ देऊन फोटो काढणे सोपे आहे. नारळ प्रसादास जातो, शाल पेटीत जाते, आणि म्हाताऱ्याची आठवण म्हाताऱ्याबरोबर सरणावर जाते. इतिहास राखणाराचा खरा मान म्हणजे त्याचे काम पुढे चालविणे. ते कसे, ते साध्या शब्दांत सांगतो.

तुमच्या घरात जुना कागद असेल तर तो विकू नका, जाळू नका. प्लॅस्टिकात पक्का बंद करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती कापडात बांधा, ओल व उंदीर यांपासून दूर ठेवा. त्याचे स्वच्छ फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. कोणी विद्वान आला तर त्यास कागद दाखवा, नक्कल द्या; अस्सल कागद पोचपावतीवाचून उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका.

हेळवी आला तर त्यास सतरंजी टाका, जेवू घाला, त्याची वही त्याच्याचपाशी राहू द्या आणि तो सांगेल ते लिहून घ्या. मात्र आमचे कूळ अमक्या राजाचे असे लिही म्हणून त्यास गळ घालू नका. खोट्या मोठेपणाची वंशावळ ही रद्दीहूनही हलकी.

आज प्रत्येक पोराच्या खिशात मोबाइल आहे. त्यावर नाचगाणी पाहता, पाहा. पण आठवड्यातून एक तास आजीजवळ बसा. तिची ओवी, तिच्या लहानपणचा दुष्काळ, कुंभाराची भट्टी कशी लागे, मोट कशी चाले, हे तिच्या तोंडून साठवा. तिचे नाव, गाव, तारीख त्याबरोबर लिहा. कुंभारवाड्यात, मांगवाड्यात, बौद्धवस्तीतही जा. एकट्या पाटील आळीचा इतिहास म्हणजे गावाचा इतिहास नव्हे. तेथे गेल्यावर पाणवठा कोणी कोणास बंद केला होता तेही ऐकावे लागेल. ऐका, आणि जसे सांगितले तसे लिहा.

आणि तो नदीकाठचा वीरगळ, ज्यावर आपण धुणे आपटतो, तो उचलून चावडीपाशी उभा करा. कोणी आपला पूर्वज लढून पडला म्हणून तो दगड घडविला आहे. येत्या रविवारी आठ गडी आले तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. मी पहारी घेऊन सकाळी सात वाजता घाटावर हजर राहीन.

बंधूंनो, आपल्या वाडवडिलांना अक्षर येत नव्हते, तरी त्यांनी नांगर, पटाशी आणि आरसा काढून साक्ष दिली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या कृपेने तुम्हाआम्हास अक्षर आले. आता आपल्या गावाचा महजर आपणच लिहू या, आणि त्यावर हत्याराची निशाणी नव्हे, स्वतःच्या हाताने आपापले नाव घालू या. एवढे बोलून, आणि त्या पेटीबद्दल चुलत्यांची आपणा सर्वांसमक्ष माफी मागून, मी आपली रजा घेतो.

सत्यमेव जयते.