अर्ज चालण्याजोगा आहे काय?

नवस्वतंत्र राष्ट्रांतील न्यायसंस्थेचा समग्र आढावा परिषदेच्या अध्यक्षाकडून अपेक्षित असला, तरी थोर निकालांची पारायणे या व्यासपीठावर पुष्कळ झाली आहेत. कायद्याचे राज्य ज्या तांत्रिक मुद्द्यांत बुडाले त्यांकडे मात्र विधिज्ञांनी सोयीस्कर डोळेझाक केली, ही जुनी तक्रार आता मांडलीच पाहिजे.

पाकिस्तानात ऑक्टोबर १९५४ मध्ये गव्हर्नर-जनरल गुलाम मोहम्मद यांनी संविधान सभा बरखास्त केली, तेव्हा सभेचे अध्यक्ष मौलवी तमिझुद्दीन खान यांनी सिंधच्या मुख्य न्यायालयात दाद मागितली आणि ती त्यांना मिळालीही. परंतु मार्च १९५५ मध्ये सरन्यायाधीश मोहम्मद मुनीर यांच्या संघीय न्यायालयाने बरखास्तीच्या वैधतेला हातच घातला नाही. ज्या कलम २२३-अ अन्वये रिट, म्हणजे शासनावर बंधनकारक असा आदेश, काढता येत होता, त्या कलमाला गव्हर्नर-जनरलची संमती नव्हती, सबब अर्ज चालण्याजोगा नाही, असे ठरवून ते मोकळे झाले. सात वर्षे कोणी न मागितलेली संमती नेमकी त्याच वेळी आठवावी, हे नवलच! न्या. कॉर्नेलियस यांनी तेवढे भिन्नमत नोंदवले. पुढे १९५८ मध्ये याच मुनीर यांनी, यशस्वी झालेली क्रांती स्वतःच नवी वैधता निर्माण करते, हा विधितत्त्वज्ञ केल्सन यांचा सिद्धान्त लष्करी राजवटीला बहाल केला. तो निकाल ज्या दिवशी लागला त्याच रात्री लष्करप्रमुख अयुब खान यांनी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांना घालवून दिले.

भारतीयांनी यावर हसू नये. बंदिप्रत्यक्षीकरण, म्हणजे स्थानबद्धास न्यायालयापुढे आणून अटकेचा आधार दाखवावयास लावणारा अर्ज, आणीबाणीतही चालतो असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले असताना, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो चालत नाही असे ठरवले. ते एक मत देणारे न्या. खन्ना यांचे सरन्यायाधीशपद हुकले, हे सर्वांना पाठ असते; पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड त्या चौघांत होते, याबद्दल मराठी वकीलवर्ग मौन पाळतो.

सैन्य हाताशी नसलेले न्यायालय करणार तरी काय, असा प्रश्न काल काही सहकाऱ्यांनी उपस्थित केला. प्रस्तुत अध्यक्षाच्या दीर्घ वकिलीत एका स्थानबद्धाच्या अर्जासोबत शपथपत्र नसल्याची हरकत सरकारी वकिलांनी घेतली असता, न्यायमूर्तींनी ती बाजूला सारून मूळ आदेश दुपारपर्यंत मागवला; आलेला कागद सायक्लोस्टाइल केलेला छापील नमुना होता आणि त्यावर दुसऱ्याचे नाव खोडून पेनने अशिलाचे नाव घातले होते. अशील संध्याकाळी सुटला. न्यायालयाने फक्त कागद मागवला होता, सैन्य नव्हे.

याची किंमत शून्य असते असे नाही. युगांडाचे मुख्य न्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांनी सैनिकांनी डांबलेल्या एका ब्रिटिश नागरिकाच्या सुटकेचा आदेश दिला, आणि सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करशहा इदी अमीन यांच्या माणसांनी त्यांना कंपालाच्या उच्च न्यायालयातूनच उचलून नेले. ते परतले नाहीत. आदेश जर निष्प्रभ असता, तर तो देणाऱ्याला उचलण्याची गरज अमीन यांना का भासली, याचे उत्तर वरील सहकाऱ्यांनी द्यावे.

म्हणून तांत्रिक कारणाने फेटाळलेल्या अशा अर्जांची नोंद परिषदेने जिल्हावार ठेवावी, अशी सूचना आहे. तिचा तपशील कार्यकारिणीने यथावकाश ठरवावा.