तिकिटांच्या नोंदी आणि दरांचे गणित

मोठ्या कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाकडून पहिली अपेक्षा असते ती कामकाज अडू नये एवढीच. यंत्रणा बंद पडली की त्याचे नाव सर्वांच्या तोंडी येते आणि ती सुरळीत चालू असली की त्याची आठवणही कोणाला होत नाही. अशा अधिकाऱ्याने व्यवसायालाच नवे वळण द्यावे, असे व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आग्रहाने सांगितले जाते. परंतु हे वळण प्रत्यक्षात कसे लागते ते पाहायचे असेल, तर त्या पुस्तकांतील सूत्रांपेक्षा अमेरिकन एअरलाइन्स या विमानकंपनीच्या ‘सेबर’ नावाच्या आरक्षण प्रणालीचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

१९५०च्या दशकापर्यंत या कंपनीचे आरक्षण कार्डांवर चालत असे. प्रत्येक उड्डाणाचे एक कार्ड असून ती सर्व कार्डे एका फिरत्या पेटीत ठेवलेली असत, पेटीभोवती आठेक कर्मचारी बसत आणि आसन विकले गेले की त्या कार्डाच्या कडेला खूण केली जाई. एक तिकीट हाती पडेपर्यंत सरासरी दीड तास लागे. आणि पेटीभोवती आठांहून अधिक माणसे मावत नसल्यामुळे नोकरभरती करूनही कामाचा वेग वाढत नसे. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेल्या संगणकजाळ्याचा अनुभव गाठीशी असलेल्या आयबीएम कंपनीच्या साहाय्याने न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन मोठे संगणक बसवण्यात आले, सुमारे ४ कोटी डॉलर खर्च झाला आणि १९६४पर्यंत कंपनीचे सर्व आरक्षण सेबरवर आले. काम झपाट्याने होऊ लागले हे खरे. पण तेवढ्यावरून याला व्यवसायातील नवनिर्मिती म्हणणे उतावीळपणाचे ठरेल, कारण जुनेच काम नव्या यंत्रावर आले होते इतकेच.

खरा बदल पुढच्या टप्प्यात झाला. १९७२ साली कंपनीत आलेले मॅक्स हॉपर यांच्याकडे सेबरची तांत्रिक सूत्रे आली आणि विपणन विभागाचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांच्याशी त्यांचे काम जोडले गेले. तंत्रज्ञ आणि विक्रेता यांची ही जोडी या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानावी लागते. सर्व विमानकंपन्यांनी मिळून एकच प्रणाली उभारावी हा प्रयत्न फसल्यावर १९७६मध्ये सेबरचे पडदे थेट प्रवास-एजंटांच्या टेबलांवर नेण्यात आले. म्हणजे कंपनीच्या कचेरीतील अंतर्गत साधन आता दुकानदाराच्या हाती आले आणि विक्रीचा मार्गच बदलला.

याच टप्प्यावर एक मोहही उत्पन्न झाला. पडद्यावर सर्वांत वर दिसणारे उड्डाण एजंट सहसा सुचवतो, हे ध्यानात येताच आपली उड्डाणे वर आणि स्पर्धकांची खाली दाखवली जाऊ लागली. प्रणाली उभारणाऱ्याला एवढा लाभ मिळायलाच हवा, असा युक्तिवाद क्रँडल यांनी केला. पण अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाने १९८४ साली हा पक्षपात नियमाने बंद केला, आणि ते योग्यच झाले, कारण दुसऱ्याचा माल झाकून ठेवण्यात कल्पकता असली तरी नवनिर्मिती नसते.

नवनिर्मिती होती ती साचलेल्या नोंदींत. सेबरमध्ये पुन्हा पुन्हा येणारे दूरध्वनी क्रमांक शोधून नेहमीचे प्रवासी हुडकण्यात आले आणि त्यांच्यासाठी मे १९८१मध्ये प्रवास-गुण देणारी ‘अॅडव्हांटेज’ योजना सुरू झाली. त्याहूनही दूरगामी ठरले ते उत्पन्न व्यवस्थापन. विमान सुटले की रिकामी खुर्ची कायमची वाया जाते, आणि सर्व खुर्च्या आधीच स्वस्तात विकून टाकल्या तर ऐनवेळी येणाऱ्या, जास्त पैसे मोजण्यास तयार असलेल्या व्यापारी प्रवाशाला परत पाठवावे लागते. म्हणून मागील आरक्षणांवरून मागणीचा अंदाज बांधून कोणत्या उड्डाणात स्वस्त दराच्या किती खुर्च्या खुल्या ठेवायच्या हे रोज नव्याने ठरवायचे, याला उत्पन्न व्यवस्थापन म्हणतात. शेजारच्या प्रवाशाने आपल्यापेक्षा निम्म्या पैशांत तिकीट काढल्याचे ऐकून ज्यांचा संताप झाला असेल, त्यांना या गणिताची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

जानेवारी १९८५मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पीपल एक्सप्रेस या अत्यंत स्वस्त विमानकंपनीच्या तोडीचे दर जाहीर केले, पण ते मोजक्या खुर्च्यांपुरते आणि बऱ्याच आधी तिकीट काढणाऱ्यांपुरते. उरलेल्या खुर्च्या पूर्वीच्याच भावाने विकल्या जात राहिल्या. पीपल एक्सप्रेसकडे अशी विभागणी करणारी यंत्रणा नव्हती, आणि १९८७मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. या पद्धतीमुळे तीन वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलरचा लाभ झाल्याचे अमेरिकन एअरलाइन्सच्या विश्लेषकांनी पुढे नोंदवले. आरक्षणाची नोंद ठेवणारी यंत्रणा आणि दर ठरवणारी बुद्धी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या, हे या यशाचे मर्म होय.

तीच जोडणी दुसऱ्या क्षेत्रात मात्र जमली नाही. मॅरिएट आणि हिल्टन ही हॉटेले व बजेट ही भाड्याने मोटारी देणारी कंपनी यांना बरोबर घेऊन १९८८मध्ये आरंभलेला ‘कन्फर्म’ हा प्रकल्प सुमारे साडेबारा कोटी डॉलर खर्चून १९९२मध्ये गुंडाळावा लागला, कारण आरक्षणाचा भाग आणि निर्णयास साहाय्य करणारा भाग एकत्र बांधता येईनात. भागीदारांच्या गरजा वेगवेगळ्या होत्या आणि काम मागे पडत असल्याची खरी स्थिती त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचली नाही. तंत्रज्ञान-प्रमुखाचा लौकिक कितीही मोठा असला, तरी विपणनाच्या माणसांबरोबर एकाच घरात वर्षानुवर्षे बसून कमावलेली समज करारपत्राने विकत घेता येत नाही, असे यावरून म्हणता येईल.

या अपयशाच्या दोन वर्षे आधीच, १९९० साली, हॉपर यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला होता. स्वतःची खास प्रणाली उभारून स्पर्धकांना मागे टाकण्याचे दिवस सरत आले असून संगणक हे वीज किंवा दूरध्वनीसारखे सर्वांना उपलब्ध असलेले साधन होईल, आणि त्यातील माहितीचा वापर कोण अधिक चांगला करतो यावर पुढचा लाभ अवलंबून राहील, असे त्यात त्यांनी मांडले. ज्याने आयुष्यभर असा खास किल्ला बांधला त्यानेच हे लिहावे, याला बौद्धिक प्रामाणिकपणा लागतो. पुढे २००० साली सेबर मूळ कंपनीपासून पूर्णपणे वेगळी झाली, आणि अमेरिकन एअरलाइन्स आपल्याच प्रणालीची, अनेक स्पर्धकांप्रमाणे, एक ग्राहक झाली.