झेंडा छत्तीस तासांत, जमीन कधी?



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शहरात झेंडा चढतो. १९४८ साली निजामाचं राज्य पाच दिवसांत कोसळलं, हे शाळेपासून आपल्याला पाठ आहे. आज मी बोलणार आहे गोव्याबद्दल. तिथंही झेंडा असाच झटपट बदलला. आणि झेंडा बदलल्यावर खालच्या माणसाच्या हातात काय पडतं, याचा हिशेब तिथं तारखांसकट मांडता येतो.

पोर्तुगीज १५१० साली गोव्यात घुसले ते ४५१ वर्षं बसले. १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय फौजा सरकल्या आणि १९ तारखेला संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा शरण आला. छत्तीस तासांची लढाई! लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता, मरेपर्यंत लढा. हुकूम देणारा खुर्चीत, मरणारा खंदकात. सिल्वानं ऐकलं नाही, माणसं वाचवली, म्हणून पुढं त्याला लष्करातून हाकललं.

हे साम्राज्य आतून पोकळच होतं. त्याच वर्षी अंगोलात काळी माणसं उठली होती, पोर्तुगालचं सैन्य तिकडं गुंतलं होतं. आफ्रिकेतल्या लढायांना कंटाळलेल्या त्याच सैनिकांनी १९७४ साली लिस्बनची हुकूमशाही उलथवली. गोवा भारताचा हे पोर्तुगालनं मान्य केलं तेही तेव्हाच.

हा विजय मी खोटा म्हणत नाही. परक्याची सत्ता गेली, ती जायलाच हवी होती. पण पोर्तुगीजांनी धर्म बदलला तरी जात बदलली नव्हती. चर्चमध्येसुद्धा बामण, चार्दो, सुदीर वेगवेगळेच राहिले. जमीन भाटकाराची आणि तिच्यावर झोपडी बांधून राहणारा मुंडकार. भाटकार निघ म्हणाला की निघायचं. १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आले. भाटकार कुणाला शरण आला?

आता तारखा ऐका. कुळकायदा १९६४ साली. महार, मांग, चांभारांची नावं अनुसूचित जातींच्या यादीत आली १९६८ साली. मुंडकाराला घरातून हुसकू नये हा कायदा १९७५ चा. कसेल त्याची जमीन ही दुरुस्ती १९७६ ची. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमाती म्हणायला २००३ उजाडलं. म्हणजे राज्य घ्यायला छत्तीस तास आणि माणसाला यादीत घ्यायला एक्केचाळीस वर्षं!

याला काय म्हणायचं? तोफेचा कायदा लगेच चालतो, जमिनीचा कायदा रखडतो. कारण तोफ परक्यावर रोखलेली असते आणि जमीन आपल्यातल्याच बड्यांच्या हातात असते.

मराठवाड्यात वेगळं काय घडलं? निजाम गेला १९४८ साली, तरी १९५९ साली दादासाहेब गायकवाडांना महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह करावाच लागला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ चा, नाव लागलं १९९४ साली. मधल्या काळात घरं कुणाची जळली ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून येत्या १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम जरूर करा. पण त्याआधी आपापल्या गावी जा. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांची यादी करा. किती वर्षं कसतात ते लिहा, सातबारावर नाव कुणाचं ते लिहा. ती यादी घेऊनच पुढच्या बैठकीला या. नुसत्या घोषणा घेऊन येऊ नका.

जयभीम!