सर्पविषाची प्रथिने आणि परळची लस



प्रथिने म्हटली की आपल्याला तूरडाळ, दूध, अंडी आठवतात. पण सापाचे विष हेही मुख्यतः निरनिराळ्या प्रथिनांचे मिश्रणच आहे, आणि त्यातील प्रत्येकाचे काम ठरलेले असते.

मज्जातंतूचा निरोप स्नायूवर ज्या जागी पोचतो, नेमकी तीच जागा नागाच्या विषातील प्रथिन अडवून बसते. मग पापण्या मिटू लागतात, श्वास मंदावतो. मण्यारीच्या विषातील एक प्रथिन तर मज्जातंतूची टोकेच निकामी करते. घोणस आणि फुरसे यांच्या विषातील विकरे रक्त गोठवणारे घटक नको तेव्हा कामाला लावून संपवून टाकतात. पुढे रक्त गोठतच नाही. गंमत अशी, की घोणशीच्या याच विषाचा उपयोग प्रयोगशाळेत रक्त गोठण्याच्या काही दोषांची तपासणी करण्यासाठी होतो.

यावरचा उताराही प्रथिनच आहे. मुंबईत परळला टाटा किंवा केईएम रुग्णालयात आपल्यापैकी अनेकांचे जाणे होते. त्याच परिसरात, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, 1899 साली डॉ. हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. 1925 पासून ती हाफकिन संस्था झाली आणि पुढे सर्पदंशावरील लसीसाठी नावाजली. घोड्याला बाधणार नाही अशा बेताने विष थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला चिकटणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ती शुद्ध करून लस बनते. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. लस रक्तात फिरणारे विष पकडते. मोडलेले मज्जातंतू ती जोडत नाही. म्हणून मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवा आणि निघा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, वेदना फारशी नाही. पहाटे पोट दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका.

घोड्याचे प्रथिन काहींना सोसत नाही, पित्त उठते, रक्तदाब उतरतो. त्यामुळे ही लस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते. डॉक्टर कोरड्या काचनळीत रक्त घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय बळावतो. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण साप विष कमी सोडत नाही.

शासकीय रुग्णालयात ही लस मोफत मिळते. पेरणीपूर्वीच आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती शिल्लक आहे का, आणि नसल्यास जवळ कोठे मिळेल, हे विचारून ठेवा.