वर्गातील हवेची हजेरी

(बालाघाट येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या बालाघाट शहराच्या अगदी जवळ भरवेली येथे मँगनीजची जी खाण आहे, तिच्या पोटात उतरणाऱ्या मजुराच्या वाट्याला कोणती हवा यावी, याविषयी आपल्या देशात कायदा आहे. धातूंच्या खाणींसाठी १९६१ साली जी नियमावली अमलात आली, तिच्यात असे फर्मावलेले आहे की, जेथे माणसे काम करतात तेथील हवेत प्राणवायू शेकडा १९ भागांहून कमी असता कामा नये आणि कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपण आज सोयीसाठी कर्बवायू म्हणू, तो शेकडा अर्ध्या भागाहून अधिक असता कामा नये. हा नियम मनुष्याच्या जिवाची किंमत ओळखून केलेला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच मजुराचे मूल सकाळी दप्तर पाठीला लावून ज्या वर्गात जाऊन बसते, त्या वर्गातील हवा कोणी मोजत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला पक्की इमारत, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्राथमिक वर्गांत दर ३० मुलांमागे एक शिक्षक, इतका तपशील आखून दिला; हवेचे मोजमाप मात्र त्या तपशिलात नाही. बापाच्या श्वासाचा हिशेब सरकारदरबारी आहे, मुलाच्या श्वासाचा नाही. ही उणीव कशी भरून काढता येईल, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आता खाणीतील प्रश्न आणि वर्गातील प्रश्न हे एकच नव्हेत, हे प्रथम सांगितले पाहिजे. खाणीत भय गुदमरण्याचे असते. वर्गात कोणी गुदमरत नाही. वर्गात भय असते ते परस्परांच्या उच्छ्वासाचे. हा विचार नवा नाही. म्युनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली असे प्रतिपादन केले की, बंद खोलीतील कर्बवायू मोजावा तो स्वतः विषारी आहे म्हणून नव्हे, तर माणसांच्या उच्छ्वासाने खोलीतील हवा किती बिघडली याचा तो विश्वासू साक्षीदार आहे म्हणून. आणि हजार भागांत एक भाग ही मर्यादा त्याने घालून दिली. पुढे रोगजंतूंचा शोध लागला आणि विद्वानांचे लक्ष हवेवरून हातांवर गेले. १९१० साली चार्ल्स चेपिन या अमेरिकन आरोग्याधिकाऱ्याने रोग मुख्यत्वे स्पर्शाने आणि जवळून उडणाऱ्या तुषारांनी पसरतात, असे मोठ्या अधिकाराने मांडले, आणि तेच मत पुढे अनेक दशके सर्वत्र शिरस्ता होऊन बसले.

त्या शिरस्त्याला ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांनी आपली साक्ष शाळांतूनच गोळा केली, ही गोष्ट आपण शिक्षकांनी व पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. विल्यम वेल्स या संशोधकाने १९३४ साली दाखवले की, खोकल्यातून वा बोलण्यातून उडालेले सूक्ष्म तुषार जमिनीवर पडण्यापूर्वीच सुकतात आणि त्यांचे हलके कण हवेत दीर्घकाळ तरंगत राहतात. त्याने १९३७ पासून फिलाडेल्फिया परिसरातील काही शाळांच्या वर्गांत उंचावर अतिनील किरणांचे दिवे लावले, आणि १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतील मुलांना इतर वर्गांच्या मानाने गोवर पुष्कळच कमी झाला. त्याचा सहकारी रिचर्ड रायली याने न्यूयॉर्क राज्यातील एका प्राथमिक शाळेत १९७४ साली उद्भवलेल्या साथीचा कसून तपास केला, तेव्हा असे निष्पन्न झाले की, दुसरीतल्या एका मुलीपासून २८ मुलांना गोवर झाला, आणि ती मुले १४ निरनिराळ्या वर्गांत विखुरलेली होती. त्यांतील बहुतेकांचा त्या मुलीशी स्पर्शही झाला नव्हता. इमारतीत फिरवल्या जाणाऱ्या हवेने तो रोग वर्गावर्गांतून नेला होता. इतके असूनही २०२० च्या महासाथीत, हवेतून संसर्ग होतो हे मान्य करा, अशी जाहीर विनवणी २३९ शास्त्रज्ञांना एकत्र येऊन करावी लागली. आणि तोवर आपल्या शाळांना कुलपे लागून कित्येक महिने लोटले होते.

मग ही हवा मोजावी कशी? येथे पेटेनकोफरचा साक्षीदार आपल्या कामी येतो. मोकळ्या आकाशाखालच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कर्बवायू असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो सुमारे ४०,००० भाग असतो. तेव्हा वर्गातील आकडा बाहेरच्यापेक्षा ४०० ने अधिक, म्हणजे ८०० च्या घरात असेल, तर आपण घेतलेल्या प्रत्येक श्वासाचा शंभरावा हिस्सा दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून आलेला आहे, असे समजावे. आणि तो बाहेरच्यापेक्षा २००० ने अधिक असेल, तर विसावा. रुडनिक आणि मिल्टन या दोन संशोधकांनी २००३ साली याच नात्यावर संसर्गाच्या संभवाचे गणित बसवून दिले.

हे गणित आपल्याकडील वर्गाला लावून पाहू. वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, त्यात ४० मुले बसली आहेत, आणि पौषातली थंडी म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या आहेत, असे धरा. बसलेले मूल तासाला अंदाजे १२ लिटर कर्बवायू सोडते. ४० मुलांचा मिळून ४८० लिटर होतो, आणि वर्गातील एकंदर हवा १,४४,००० लिटर आहे. फटींतून हवा मुळीच येत नसेल, तर ४० मिनिटांची पहिली तासिका संपते न संपते तोच आकडा अडीच हजारांच्या पुढे गेलेला असतो. त्या वर्गात एकाच मुलाला क्षय, गोवर वा फ्लू असेल, तर त्याचा श्वास उरलेल्या ३९ जणांत किती उदारपणे वाटला जात आहे, हे ज्याचे त्याने मनाशी ताडून पाहावे.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. तैवानमध्ये तैपेई येथील एका विद्यापीठात क्षयाची साथ उठली तेव्हा तेथील कोंदट वर्गांत हा आकडा ३२०० च्या आसपास आढळला; वायुवीजन सुधारून तो ६०० च्या खाली आणल्यावर संपर्कात आलेल्यांतील नव्या क्षयरोगाचे प्रमाण शेकडा ९७ ने घटल्याचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. इटलीच्या मार्के प्रांतात दहा हजारांहून अधिक वर्गांची पाहणी झाली, तेव्हा यंत्राने भरपूर हवा खेळवणाऱ्या वर्गांत करोनाचा संसर्ग साध्या वर्गांच्या मानाने फार कमी आढळला. आणि आपल्यासाठी सर्वांत बोधप्रद दाखला पेरू देशातील लिमा शहराचा आहे. तेथील आठ रुग्णालयांत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे दिसले की, १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत तासाला ४० वेळा हवा पालटते, तर नव्या इमारतींतील खोल्यांत केवळ १७ वेळा.

हे ऐकताना आपल्याकडील जुन्या शाळा कोणाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहणार नाहीत? कवेलूंचे उतरते छप्पर, छताखाली समोरासमोर रोशनदाने, आणि वर्गाला लागून ओसरी, अशी ती घडण असे. कवेलूंच्या सांध्यांतून हवा येई आणि रोशनदानांतून तापलेली हवा आपसूक निघून जाई. आज आपण सिमेंटच्या सपाट छताची, सरकत्या काचांच्या खिडक्यांची खोली बांधतो, तेव्हा पावसापासून आपला बचाव होतो हे खरे. पण सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते, आणि रोशनदानाची जागा नकाशातून नाहीशी झालेली असते. बैहर, परसवाडा, बिरसा या पठारी भागात थंडी कडाक्याची पडते. तेथील आश्रमशाळांच्या छात्रावासांत गोंड आणि बैगा मुले रात्रीचे आठ-नऊ तास एकाच दालनात दारे लावून झोपतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने त्या दालनात पहाटे चार वाजताचा आकडा किती असेल याची काळजी केलीच पाहिजे.

आता उपायाकडे वळतो. कर्बवायू मोजणारे यंत्र आज तळहातावर मावते. ते घेताना एवढेच पाहावे की ते अवरक्त किरणांनी प्रत्यक्ष कर्बवायूच मोजते. हवेतील इतर वाफांवरून त्याचा केवळ अंदाज बांधणारी स्वस्त यंत्रे या कामाची नव्हेत. यंत्र अधूनमधून मोकळ्या अंगणात ठेवून ते ४२० च्या आसपास येते का, याची खातरजमा करावी. वर्गात ते बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, पण खिडकीपासून आणि कोणाच्या तोंडापासून दूर ठेवावे. प्रत्येक वर्गाला एकेक यंत्र हवे असेही नाही. एका शाळेत एकच यंत्र आज पहिलीत, उद्या दुसरीत, असे पाळीपाळीने फिरवता येते. इंग्लंडच्या सरकारने २०२१ मध्ये शाळांना सुमारे तीन लाख यंत्रे पुरवली. त्या मानाने आपली मागणी फार नम्र आहे.

यंत्रापेक्षाही महत्त्वाची आहे ती नोंदवही. हजेरीपटाच्या शेजारी हवेचा पट ठेवावा. त्यात तारीख, वेळ, हजर मुलांची संख्या, खिडक्यांची स्थिती आणि आकडा, एवढे पाच रकाने पुरेत. सहावी-सातवीची मुले हे काम आनंदाने करतील, आणि त्यात त्यांना गणितही मिळेल आणि विज्ञानही. माझी सूचना अशी की, आकडा ८०० च्या आत असेल तर समाधान मानावे. त्याहून वर गेला की समोरासमोरच्या खिडक्या व दार उघडावे. आणि १५०० ओलांडला की मुलांना दहा मिनिटे ओसरीवर काढून वर्ग मोकळा करावा. तोच वर्ग पुनःपुन्हा ही मर्यादा ओलांडत असेल, तर दोष मुलांचा नसून इमारतीचा आहे, याचा लेखी पुरावा त्या पटाच्या रूपाने आपल्या हाती येतो. आणि बंद पडलेले रोशनदान उघडण्यासाठी अर्ज करताना अशा पुराव्याची किंमत किती असते, हे दप्तरात काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

थंडीचा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु बाहेर थंडी आणि आत ऊब असली की हवा त्या फरकानेच जोराने वाहते, म्हणून हिवाळ्यात समोरासमोरची दोन लहान झडपे उघडी राहिली तरी बरेच काम होते. आणि ज्या मुलाच्या अंगात स्वेटर नाही त्याला स्वेटर देणे, हे खिडकी लावून घेण्यापेक्षा अधिक माणुसकीचे आहे. धुराचा आक्षेप याहून गंभीर आहे. मध्यान्ह भोजनाची चूल वर्गाच्या वाऱ्याच्या दिशेला पेटत असेल, तर खिडकी उघडून आपण एका पीडेच्या बदल्यात दुसरी घेऊ. तेव्हा चुलीची जागा हलवणे हाही हवेच्या व्यवस्थेचाच भाग समजावा. आणि हेही स्पष्ट सांगतो की, हे यंत्र रोगजंतू पाहत नाही. ते मोजते फक्त परस्परांचा श्वास. आकडा कमी आहे म्हणून लसीकरणात वा खोकणाऱ्या मुलाच्या तपासणीत हयगय करणे घातक ठरेल.

शेवटी प्रश्न उरतो तो, हे करणार कोण? वरून हुकूम येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, आणि तिचे किमान पाऊण सभासद पालक असावेत असे त्यात स्पष्ट नमूद आहे. भरवेलीच्या खाणीत काम करणारा एखादा पालक अशा समितीत बसला, आणि सभेपुढे वर्गाची हवा मोजण्याचा ठराव आला, तर त्याला त्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज पडणार नाही. माणसे जेथे काम करतात तेथील हवेची जबाबदारी कोणावर तरी असावी लागते, हे तो आपल्या रोजच्या कामातून शिकलेला आहे. ज्या न्यायाने आपण त्याला खाणीत उतरवतो, तोच न्याय त्याच्या मुलाला वर्गात मिळावा, एवढीच माझी विनंती आहे.