जनरल रजिस्टरमधली १ जून
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक काम करा. ज्यांचा कागदावरचा वाढदिवस १ जून आहे, त्यांनी हात वर करा. बघा! निम्मा मांडव. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी इतके केक येतात की माझा फोन अडकतो. पहिलीत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोरगं कधीचं? आई सांगायची, बेंदराच्या आसपासचं. गुरुजी हिशेब करायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे.

संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. घरात गंभीर गुन्ह्याची केस उभी राहिली की काय होतं, हे मला सांगायचं आहे. इंदापूर तालुक्यात नाही म्हटलं तरी प्रत्येक भावकीत एखादी केस असते, आणि लग्नकार्यात सगळे तिच्यावर गोधडी टाकून बसतात.

एप्रिल २०११. नीरा डाव्या कालव्याच्या आमच्या चारीवर रात्री पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. एका माणसाच्या डोक्यात आणि खांद्यावर घाव बसले. तो वाचला, पण त्याचा उजवा हात आजही पूर्ण उचलत नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी त्याला विसरणार नाही. फिर्यादीत आमची ११ नावं आली. त्यांत थोरले आजोबाही होते, जे त्या रात्री पंढरपुरात होते. कलम ३०७, खुनाचा प्रयत्न. दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

नावांत माझा धाकटा चुलतभाऊ होता. तो म्हणतो, मी फक्त बॅटरी धरली होती. समोरचे म्हणतात, खोरं त्याच्याच हातात होतं. मी तिथे नव्हते, त्यामुळे मी काही म्हणत नाही. अटकेच्या कागदावर त्याचं वय १९ लिहिलं गेलं. कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. ४३ दिवस तो मोठ्या माणसांच्या तुरुंगात राहिला.

वर्षभराने वकील बदलले. नव्या वकिलांनी बारामतीच्या कोर्टाच्या आवारात चहा पिताना सहज विचारलं, "पोराची जन्मतारीख काय?" नाना म्हणाले, "१ जून त्र्याण्णव." वकिलांनी कप खाली ठेवला. घटनेच्या रात्री तो १७ वर्षं आणि साडेदहा महिन्यांचा होता.

तेव्हाच्या बाल न्याय कायद्यात १८ च्या आतल्या मुलाची केस बाल न्याय मंडळासमोर चालायची, आणि त्याने पुढच्या आयुष्यात कसलीही अपात्रता येत नसे. पण वय सिद्ध कशाने करायचं? आधी दहावीचं प्रमाणपत्र. याचं गणित राहिलेलं, म्हणजे ते नाही. मग ज्या शाळेत पहिल्यांदा नाव घातलं तिथला दाखला. मी पुण्याहून सुट्टी काढून आपल्या शाळेत आले. ऑफिसमधल्या काकांनी जनरल रजिस्टर काढलं, 'मागील शाळा' या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, आमचा उतारा चालायचा नाही. पहिल्या शाळेचं मूळ रजिस्टर लागेल." आणि स्वतःच्या मोटरसायकलवरून वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत माझ्याबरोबर आले. तिथलं रजिस्टर पावसात भिजून फुगलेलं. त्याचं पान शाईसकट वाचलं होतं.

समोरच्या वकिलांनी नेमका तोच मुद्दा काढला: सगळा वर्गच १ जूनला जन्मला का? प्रश्न खोटा नव्हता. पण कायद्याने त्या नोंदीला मान दिलेला आहे, आणि ती नोंद घटनेच्या कितीतरी वर्षं आधीची होती. कोर्टाने ती मानली. केस पुण्याच्या मंडळाकडे गेली आणि तिथे समज देऊन संपली.

आता तुम्ही म्हणाल, मोठी पळवाटच सापडली की. मलाही तो प्रश्न छळतो. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये दोन तरुण इंजिनिअर गाडीखाली गेले. माझ्याच व्यवसायातली पोरं. अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणी धड जेवलं नाही. मीही चिडले होते. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवण्याची वाट ठेवली आहे, तीही अशाच संतापातून.

पण दुसरी केसही पुण्याचीच आहे. २६ ऑगस्ट १९९४ ला पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला. बायका होत्या, मुलं होती. नारायण नावाच्या आरोपीला १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अनेक वर्षांनी त्याच्या बाजूने राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं. त्यात त्याचं नाव निरानाराम, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा. नावांचा मेळ लागतो का, वयाचे दुसरे कागद काय म्हणतात, यावर बराच वाद झाला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. २८ वर्षांहून जास्त काळ तो आत होता. वय कमी असल्याचा दावा केव्हाही, अगदी शेवटचं अपील फेटाळल्यावरही करता येतो, हे कायद्यात आहे. पण साडेबारा वर्षांचा पोरगा इतक्या कोर्टांसमोरून गेला आणि कुणाला दिसला नाही, याचं काय करायचं?

आणि वय सोडून द्या. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये शेतवस्तीवरच्या एका कुटुंबातले पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते, आणि ते खटल्यात कधी नीट पुढे आलंच नव्हतं. माझ्या धंद्यात चुकीचा कोड रात्रीत मागे घेता येतो. इथे १६ वर्षं लागली.

म्हणून चार गोष्टी सांगते. मी वकील नाही, कोर्टाच्या बाकावर बसून शिकलेय. अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेलंच पाहिजे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, त्यामुळे "सही कर, सोडतो" याला भुलू नका. दोषारोपपत्र ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी सोडत नाही. आणि वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे. १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदलले, हे हक्क राहिले. आम्ही यातलं काहीच न कळून पहिल्याच वर्षी एक एकर बागायत विकली.

शिक्षा झाली तर निकालाच्या कागदाबरोबर बाकीचंही सुरू होतं. आमच्या एका काकांना कमी कलमाखाली का होईना, शिक्षा झाली. त्यांची सरकारी नोकरी होती, ती गेली. राज्यघटनेतच तरतूद आहे की गुन्ह्यात दोषी ठरल्यावर खातेनिहाय चौकशीशिवाय काढता येतं. पुढे अपिलात परिवीक्षा मिळाली, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर तुरुंग टळला. १९५८ च्या त्या कायद्यात शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू नये असंही म्हटलंय. पण ज्या वागण्यासाठी काढलं ते वागणं खातं विसरत नाही. नोकरी परत आली नाही. पहिल्या वकिलांनी खालच्या कोर्टात परिवीक्षा मागितलीच नव्हती, याचा राग मला अजून आहे.

आपल्यातले जे अमेरिकेत आहेत त्यांना तिथलं माहीत असेल. काही राज्यांत गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगून बाहेर आलं तरी मतदानाचा हक्क लगेच मिळत नाही. आपल्याकडे सुटल्यावर मत देता येतं, पण आत असताना नाही, नुसता कच्चा कैदी असला तरी नाही. आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटल्यानंतरही सहा वर्षं आमदारकी-खासदारकी लढवता येत नाही. आमच्यात कुणाला ती चिंता नव्हती. आमची चिंता फॉर्मची होती.

चुलतभावाने नोकरीसाठी अर्ज भरला. त्यात रकाना: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? मला फोन केला. "ताई, 'नाही' लिहू का?" मी दोन रात्री विचार केला. माहिती दडवली म्हणूनच अनेकांच्या नोकऱ्या जातात, केस किरकोळ असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला आहे. मी म्हटलं, 'हो' लिही आणि मंडळाच्या आदेशाची प्रत जोड. त्याने लिहिलं. तिथे त्याला घेतलं नाही. कारण कधी कळवलं नाही. तो माझ्याशी सहा महिने बोलला नाही, आणि माझा सल्ला बरोबर होता की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पुढे बारामतीच्या एमआयडीसीत एका ठिकाणी त्याने पुन्हा 'हो' लिहिलं, मालकाने आदेश वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सोमवारपासून ये म्हणाला. आता तो तिथे मशिनवर आहे.

ऑफिसमधले ते काका निवृत्त झाले, तिसऱ्या रांगेत बसलेत, आणि माझ्यावर डोळे वटारतायत. त्यांनी बजावलं होतं की माझं नाव घ्यायचं नाही. काका, घेतलेलं नाही.